सगळ्या मशीनवर मामा

आमच्या घरात एक नियम होता. कपाळाला भस्म लावल्याशिवाय दुकानात कुणी बसायचं नाही. बीडच्या पेठेत वडिलांचं किराणा दुकान. सकाळी फळ्या काढल्या की वडील उंबऱ्याशी थांबायचे, तीन बोटं भस्मात बुडवून कपाळावर ओढायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. एकदा धाकटे काका तसेच आत शिरले, तर वडिलांनी त्यांना भरल्या गिऱ्हाइकात परत बाहेर पाठवलं. मला हे सगळं लई जाचक वाटायचं. मी तेव्हापासूनच तोंडाळ; एकदा विचारलं की कपाळ बघून गिऱ्हाईक साखर घेतं का. त्यावर जे मिळालं ते इथं सांगत नाही.

पुढे कॉम्प्युटर शिकले तेव्हा कळलं, मशीनचंही असंच असतं. लिनक्सच्या मशीनवर माणूस नाव आणि पासवर्ड टाकतो, म्हणजे लॉगिन करतो, तेव्हा त्याची ओळख पटवायला एक मॉड्यूल बसलेलं असतं, दारावरच्या पहारेकऱ्यासारखं. ओळख पटली की ते माणसाला आत सोडतं, आणि आपण आधी सांगून ठेवलं असेल तर जाता जाता त्याच्या कपाळाला चार गोष्टीही लावतं: तुझं नाव हे, तुझा प्रिंटर हा, तुझी फाइल ती. याला म्हणायचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. मग दिवसभर त्यानं कोणताही प्रोग्राम चालवला तरी तो प्रोग्राम आधी कपाळ बघतो. समोर तोंड कुणाचं आहे ते त्याला दिसत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला मार्कही चांगले मिळाले होते. कळलं मात्र साखर कारखान्यात.

ते दिवस असे होते की बीडमध्ये दर दुसऱ्या गल्लीत कॉम्प्युटर क्लासची पाटी लागत होती आणि ज्याच्या घरी फोन नव्हता त्याच्या खिशात मोबाइल यायला लागला होता. बी.एस्सी. झाले आणि एका कारखान्याच्या शेतकी विभागात मला कंत्राटी नोकरी लागली. कारखाना म्हटलं की लोक विचारतात, कड्याचा का? नाही, तो नव्हे. नाव सांगणार नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून हयात आहेत आणि मी तिकडे गेले की चहा पाजतात.

काम सोपं होतं. कारखान्याच्या भागातल्या गावांचे चार गट पाडलेले. आज कुणाचा ऊस तोडायचा याची चिठ्ठी आमच्या ऑफिसातून निघायची. ती चिठ्ठी घेऊन मुकादम आपली टोळी त्या फडात घेऊन जायचा. चार गटांचे चार क्लार्क, त्यांची हॉलमध्ये चार मशीनं, एक मशीन शेतकी अधिकाऱ्यांच्या, म्हणजे आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये, आणि मागच्या खोलीत सर्व्हर. त्या खोलीची किल्ली माझ्याकडे. बावीस वर्षांच्या पोरीकडे किल्ली असणं क्लार्क लोकांना आवडायचं नाही, आणि त्यांना आवडत नाही म्हणून मला ती जास्तच आवडायची.

आणि मामा. मामा शिपाई. घरातले सगळे मेंढरं राखणारे; मामा एकटेच भावाच्या हवाली कळप करून कारखान्यात आले. पण हंगामी. गाळप सुरू झालं की कामावर, पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की घरी. असे किती हंगाम गेले ते त्यांना विचारलं तर ते बोटं मोडत बसायचे. त्या वर्षी हंगामी लोकांची कायम करायची यादी निघणार होती आणि मामांचं नाव तीत होतं. वयाची अट बघता त्यांचा तो शेवटचा नंबर होता. या यादीत हुकलं की पुढच्या यादीत ते बसणारच नव्हते. सगळ्या ऑफिसला हे ठाऊक होतं. मामा त्याबद्दल बोलायचे नाहीत, पण दर दोन दिवसांनी मला विचारायचे, "ताई, यादी मशिनीत आली का?"

मामा सकाळी सातलाच सायकलवर यायचे. माठ भरायचे, टेबलं पुसायचे, फोटोला उदबत्ती लावायचे. साहेबांच्या टेबलावर फाइल उघडून ठेवायची, ती ज्या पानावर सही हवी त्याच पानावर. इतकंच काय, पेनाचं टोपणसुद्धा काढून ठेवायचे. साहेबांनी यावं, बसावं आणि लिहायला लागावं. टोपण काढून ठेवणारा शिपाई मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

आदल्या दिवशी किती ऊस आला त्याची एक यादी रोज सकाळी फळ्यावर लावावी लागे. क्लार्क दहाशिवाय उगवत नसत आणि मी बीडहून एसटीनं साडेनऊला पोचायची. म्हणून मी मामांनाच शिकवलं. त्यांच्या नावानं एक लॉगिन काढून दिलं. सगळे मामा म्हणत, तेव्हा मशीनमध्येही मामाच. चार दिवस त्यांनी एका बोटानं सराव केला. पाचव्या दिवशी प्रिंटरमधून यादी सरकत बाहेर आली तेव्हा त्यांनी ती आधी कपाळाला लावली आणि मग फळ्यावर डकवली. मला तेव्हा हसू आलं होतं, आणि बरंही वाटलं होतं.

आता दुखणं सांगते. चिठ्ठी काढताना प्रोग्राम प्रत्येक वेळी विचारायचा, कोणता गट? क्लार्कला आकडा दाबावा लागे. दिवसातून शंभर वेळा तोच प्रश्न, मग एखादा तंबाखू मळता मळता दोनच्या जागी तीन दाबायचा. चुकीची चिठ्ठी फाडा, पुन्हा काढा, आणि वर माझ्याकडे येऊन म्हणायचं, मॅडम, तुमच्या मशीनला अक्कल नाही. दुसऱ्या हंगामात माझं डोकं फिरलं. म्हटलं, थांबा, आता हा प्रश्नच काढून टाकते.

एका शनिवारी दुपारी मी ते काम केलं. प्रत्येकाच्या नावाची एक छोटी फाइल केली, तीत त्याचा गट. ओळख पटवणाऱ्या मॉड्यूलला एका ओळीत सांगितलं की जो आत येईल त्याच्या नावाची फाइल त्याच्या कपाळाला लाव. प्रोग्राम आता विचारणार नव्हता. कपाळ वाचून मुकाट्यानं चिठ्ठी काढणार होता. शिवाय छापलेल्या प्रत्येक कागदाच्या तळाशी, बारीक इंग्रजी अक्षरांत, छापणाऱ्याचं लॉगिन उमटेल असंही केलं. चूक कुणाची यावर रोजची भांडणं नकोत म्हणून. मग चारही क्लार्कना समोर बसवून लॉगिन करायला लावलं. एकाचा पासवर्ड तंबाखूच्या चंचीत चिठोऱ्यावर निघाला, एकाला तो आठवेचना. मला त्या वेळीच प्रश्न पडायला हवा होता की मग हे लोक रोज काम करतात तरी कसे. पडला नाही. चाचणी झकास झाली आणि मी स्वतःवर खूश होते.

मामा दारात उभे राहून बघत होते. हे काय करताय म्हणून त्यांनी विचारलं. मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी मेंढराच्या पाठीवर रंग टाकत्यात तसं. कोनाचं हाय ते लांबूनच कळावं." मी म्हटलं, अगदी तसंच. मग ते जरा घुटमळले आणि म्हणाले की त्यांच्याही फाइलीत गट टाकावा. त्यांना गटाची काहीएक गरज नव्हती. जागा रिकामी ठेवली असती तर त्या लॉगिननं चिठ्ठी निघालीच नसती. पण त्यांचं गाव तीन नंबर गटातलं, आणि इतक्या वर्षांनी मशीनमध्ये आपलं काहीतरी असावं असं वाटणाऱ्या माणसाचं मन मोडवेना. मी तीन टाकलं.

सोमवारी सगळं सुरळीत चाललंय असं मला दुपारपर्यंत वाटत होतं. क्लार्क तर कौतुक करत होते, आज मशीन काही विचारत नाही, लई गुणी झालंय. एकच्या सुमारास तीन नंबरच्या गट ऑफिसातून फोन आला. तिथला माणूस ओरडत होता की एकाच शिवारात सगळ्या टोळ्या येऊन पडल्यात, बैलगाड्या आणि ट्रक एकमेकांत अडकलेत, आणि रस्ता पार बंद झालाय. बाकीच्या तीन गटांत एक कोयता चालत नव्हता. चारही मशीनवरून सकाळपासून फक्त तीन नंबर गटाच्या चिठ्ठ्या निघाल्या होत्या. चिठ्ठी वाचायची असते हे कुणाच्या गावीही नव्हतं. शिक्का मारायचा आणि मुकादमाच्या हातात द्यायची. तीन वाजता ऊस यायचा थांबला, मिलमध्ये ऊस टाकायची गव्हाण रिकामी पडली आणि मिल बंद झाली. कारखान्यात सतत घरघर असते, ती थांबली की आवारातली कुत्रीसुद्धा उठून उभी राहतात.

साहेबांनी मला बोलावलं आणि एवढंच विचारलं, हे कुणी केलं. मी सर्व्हरवर जाऊन हॉलमधल्या चार मशीनवर सकाळी कोण लॉगिन झालं त्याची यादी काढली. चार ओळी. मामा, मामा, मामा, मामा. वेळ सात चाळीस ते सात पन्नास.

इथं मी गाढवपणा केला. माझा स्वभावच तो. हात आधी चालतो, डोकं मागून येतं. फोन आल्यापासून क्लार्कांनी मला बोल लावला होता, त्यात दोष माझ्या प्रोग्रामचा नाही हे दाखवणारा कागद हातात आलेला. मी तो तडक नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी बघितला आणि म्हणाले की मामा तीन नंबर गटाचेच ना? गावकीचा ऊस आधी तोडायला चारही मशीनवर बसला म्हणजे. त्यांनी मोठ्या बाबूंना, म्हणजे हेडक्लार्कना, हाक मारली. कायमच्या यादीतून मामांचं नाव काढा आणि उद्यापर्यंत खुलासा मागणारी नोटीस टाइप करा. मोठे बाबू तिथंच केबिनमधल्या मशीनवर बसले.

मी बाहेर आले तर मामा माठापाशी उभे. मी त्यांना कोपऱ्यात घेऊन जरा वरच्या आवाजातच विचारलं, सकाळी चारही मशीनवर काय केलंत?

"रोज करतो तेच की," मामा म्हणाले. "तुमी समदे येस्तोवर मशिनी उगडून ठिवतो. बाबू लोकायनी येऊन खोळंबून ऱ्हाऊ नये मनून. पेनाचं टोपन काडतो तसंच."

रोज. मागच्या हंगामापासून. माठ भरणे, उदबत्ती लावणे आणि प्रत्येक मशीनवर आपलं नाव-पासवर्ड टाकून ते उघडं करून ठेवणे. क्लार्क यायचे, उघड्या पडद्यासमोर बसायचे आणि मामांच्या नावावर दिवस काढायचे. आधी काही बिघडत नव्हतं, कारण प्रोग्राम दर वेळी गट विचारत होता. तो प्रश्न आम्हाला सांभाळत होता, आणि तो मी स्वतःच्या हातानं काढून टाकला होता. मामांच्या फाइलीत तीनचा आकडाही माझ्याच हाताचा.

मी मामांना जे घडलं ते सांगितलं. कायमच्या यादीचंही सांगितलं. त्यांनी माठाचं झाकण नीट बसवलं.

"म्हंजी समदी मेंढरं म्या माज्याच रंगानं रंगवली," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुमी साहेबाला काय बोलू नगा, ताई. तुमची पैलीच नोकरी हाय. माजं काय, म्या हंगामीच हाय."

मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि रडले. भीतीही होती. नोकरी जाईल, वडील म्हणतील सांगत होतो दुकानात बस. पण जास्त रडू आलं ते या रागानं, की ज्या माणसानं एका बोटानं मशीन शिकायला माझ्यावर विश्वास टाकला, त्याच्याच नावाचा कागद मी धावत नेऊन दिला.

दार वाजलं. मामाच होते. हातात नोटीस. त्यांना वाचता येत होतं ते मोठं मोठं, बारीक नाही. म्हणाले, वाचून दाखवा. पत्ता म्हणून वर नुसतं 'हंगामी शिपाई, शेतकी विभाग' एवढंच होतं. मी तिथून खाली वाचत गेले. जाणूनबुजून, स्वतःच्या फायद्यासाठी, असलं सगळं. शेवटी साहेबांची सही. आणि सहीच्या खाली, पानाच्या पार तळाला, शनिवारी मीच घातलेली ती बारीक ओळ. छापणारा: मामा.

मी इतक्या जोरात हसले की मामांना वाटलं पोरीचं डोकं फिरलं. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, नोटीस घेतली आणि तशीच केबिनमध्ये शिरले.

"साहेब, ही नोटीस मामांनी काढलीय," मी म्हटलं.

साहेबांनी चष्मा लावला. मी तळावर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं, मग आपल्या शेजारच्या मशीनकडे असं बघितलं की जणू ते आत्ताच बोलायला लागलंय. मी मग थांबले नाही. पहिल्यापासून सगळं सांगितलं. प्रश्न मी काढला. तीन मी टाकलं. लॉगिनची यादी आणून दिली तीही नीट न बघता मीच, आणि तीत केबिनचं मशीन धरायचं राहिलं होतं, कारण साहेबांवर संशय घ्यायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मामांनी केलं ते एवढंच की साहेबांच्या पेनाचं टोपण काढतात तसं मशीनचंही काढलं.

साहेबांनी नोटीस खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं की सकाळपासून या खोलीतून गेलेली बाकीची पत्रं? मी म्हटलं, तीही मामांचीच. मिल बंद पडल्याचा अहवाल? तोही. त्यांनी मामांना बोलावलं.

"माझं मशीन सकाळी कोण लावतं?"

"म्याच की, साहेब," मामा म्हणाले. "कावून? आज लागलं न्हवतं का?"

साहेबांनी हातातल्या पेनाकडे बघितलं. टोपण टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात, रोज असायचं तिथंच होतं. त्यांनी नोटीस उभी फाडली, मग आडवी फाडली, आणि मोठ्या बाबूंना कायमची यादी पुन्हा आणायला सांगितली. त्यानंतर माझ्याकडे वळून जे काही बोलले ते सगळं मला लागू होतं. दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. वडिलांना दाखवला तर त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, भस्म लावणाऱ्यानं आधी कपाळ बघायला नको होतं का? मी पहिल्यांदाच उलट बोलले नाही.

मी प्रोग्रामचा प्रश्न परत घातला. मामांच्या फाइलीतला गट काढला. ज्यानं त्यानं आपलं मशीन आपण उघडायचं असा नियम झाला आणि क्लार्क लोकांनी महिनाभर मला शिव्या घातल्या. साहेब पासवर्ड विसरायचे, मग मला बोलावून नवा करून घ्यायचे, आणि तोही विसरायचे. मामांना मात्र ते फार लागलं. सकाळी टेबलं पुसून झाली की ते अंधाऱ्या पडद्यांसमोर हात मागे बांधून उभे राहायचे, पाहुण्यांना पाणी द्यायची मनाई झाल्यासारखे. मी एकदा लवकरची एसटी पकडली तेव्हा ते बघितलं आणि मला वाईट वाटलं, पण नियम मी बदलला नाही.

पट्टा पडायला पंधरा दिवस उरले असताना मामा सर्व्हरच्या खोलीच्या दारात आले. चप्पल बाहेर काढली. एका हातात प्रसादाची पुडी, एका हातात लिफाफा.

"काल नारायणगडाला गेलतो," म्हणाले. पुडी माझ्या हातावर ठेवली. मग लिफाफ्यातून कागद काढला, घडी उलगडली आणि माझ्यासमोर धरला. मी वरून वाचायला लागणार तोच त्यांनी वरच्या अर्ध्यावर तळहात ठेवला.

"आदी खाली बघा. कोनाचं नाव हाय?"

मी वाकून तळाची ओळ बघितली. साहेबांचं लॉगिन होतं. पासवर्ड आठवून, स्वतःच्या हातानं.

"माजं तर न्हाई ना? न्हाईतर लोक मनतील, म्हाताऱ्यानं सोताच सोताला कायम करून घेतलं."

"नाही मामा. साहेबांचंच आहे."

"मंग वाचा आता," असं म्हणून त्यांनी हात काढला.

मी वाचायला सुरुवात केली. या कागदावर हंगामी शिपाई असं काही नव्हतं. पहिल्याच ओळीत मामांचं नाव होतं, वडिलांचं नाव आणि आडनाव लावून, पूर्ण. दोन हंगाम मी त्यांच्या हातचं पाणी प्यायले होते, त्यांना लॉगिन काढून दिलं होतं, आणि ते नाव मी पहिल्यांदाच वाचत होते.